मागल्या बाकावरचं गाणं

त्या साली मिठागराचे पूर्वेकडचे चाळीस वाफे गोटीरामच्या टोळीला मिळाले आणि त्याच्या मेव्हण्याची, गोवर्धनची, टोळी बसली. पण हे अजून झालेलं नाही. वरचं वाक्य कुणाच्या वाचनात आलं असेल तर त्यानं ते पुन्हा होतं तिथं ठेवून द्यावं. साल एकसष्ट आहे, दिवाळी उलटून चार दिवस झालेत, आणि मिठागरात नुसता चिखल आहे.

चिखलाच्या बांधावर कमळाकर मुकादम छत्री उघडून उभा होता. पाऊस नव्हता, ऊनही उतरलं होतं. पण छत्रीशिवाय त्याला हुकूम सोडता येत नसे.

"औंदा मिठागराला टोळी एकच," तो म्हणाला. "मालकाचा सांगावा आलाय. दोन टोळ्यांना कामच नाही एवढं. दोघांनी एकेक वाफा तुडवा. सांजेला दोन्हीत वीतभर पाणी सोडू. सकाळी ज्याचं पाणी जास्त उरेल त्याची टोळी राहील."

"आन दुसरी?" गोवर्धननं विचारलं.

"दुसरी घरी राहील."

"कवा तुडवाचं?" गोटीराम म्हणाला.

"आजपासून आठव्या दिवशी. उधाणाच्या आधी," म्हणून कमळाकरनं छत्री मिटली. हुकूम संपला.

जासईच्या खाली, खाडीला लागून असलेल्या त्या पाड्यात वाफा तुडवणं म्हणजे नाचणं नव्हे, जरी लांबून तसं दिसत असलं तरी. अकरा माणसं, बायका-पुरुष, एका रांगेत, एकमेकांच्या कमरेला हात. गाण्याच्या तालावर पाऊल पडायचं. टाच आधी, चवडा मागून. अकरा टाचा एका दमात पडल्या की चिखल तव्यासारखा बसतो. एक टाच उशिरा पडली की तिथं भोक राहतं, आणि त्या भोकातून मीठ व्हायच्या आत पाणी निघून जातं.

म्हणून गाणं लागे, आणि तेही दरसाल नवं. जुन्या गाण्यावर पाय गेल्या वर्षीच्याच जागी पडतात, मधल्या जागा कोऱ्या राहतात, असं पाड्यात सगळ्यांचं मत होतं. ते खरं की खोटं हे कुणी तपासलं नव्हतं, कारण तपासायचं तर जुनं गाणं म्हणावं लागलं असतं.

गोटीराम गाणं करी ते शिडाच्या मचव्यात. दरसाल शेवटचं मीठ भरून नामदेव तांडेलाचा मचवा मुंबईला निघाला की हा गोणींवर चढून बसायचा. जाताना ओहोटीवर पहिली दोन कडवी व्हायची, येताना भरतीवर उरलेली. मचवा डुले तसं गाणं डुले. सोळा वर्षं सोळा गाणी झाली होती आणि त्यातल्या एकावरही कुणाचा पाय घसरला नव्हता.

हुकूम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नामदेवकडे गेला. मचवा काठावर चिखलात कलंडलेला होता आणि नामदेव त्याच्यात बसून विडी ओढत होता.

"कवा निघायचं, तांडेल?"

"कुठं?"

"मंबईला. मीठ घेऊन."

"मीठ लॉरीतून गेलं. पंधरा दिवस झाले."

"मंग तुमी हितं काय करताव?"

"घरी बसलो की बायको लाकडं फोडाला लावते," नामदेव म्हणाला. "हितं बसलो की तिला वाटतं कामावं हाय."

गोटीराम तरीही मचव्यात चढला, नेहमीच्या जागी बसला आणि डोळे मिटले. बराच वेळ बसला. मचवा हलला नाही.

"बग, काय येतंय का," नामदेव म्हणाला.

"वास येतंय."

"तो सुकटीचा. गेल्या साली सांडली हुती."

गोवर्धनचं असं नव्हतं. तो गाणं करी मोरा बंदरातून मुंबईला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचीत, आणि ते करून तो परवाच उतरला होता. लाँचीचं इंजिन धडधडे तसं त्याचं गाणं धडधडे. ऐकणाऱ्यालाही दम लागायचा. गोटीरामनं लाँचीत बसायचा प्रश्नच नव्हता. एका लाँचीतून दोन गाणी निघाली तर ती भावंडं निघतात, आणि भावंडं एका मिठागरात नांदत नाहीत.

घरी शेवंताबाई भात पाखडत होती. नवरा आल्याचं तिला पावलांवरून कळलं आणि गाणं आलं नसल्याचंही.

"नाय झालं?"

"लॉरी घेऊन गेली."

"गानं?"

"मीठ. गानं त्याच्याच मागं जातं."

शेवंतानं सूप खाली ठेवलं. तिची अडचण दुहेरी होती. गोटीराम तिचा नवरा आणि गोवर्धन तिचा सख्खा थोरला भाऊ. कुणीही हरलं तरी तिच्याच ताटातला घास कमी होणार होता. पण दोघांपैकी तिच्या चुलीवर एकच जेवायचा, म्हणून तिनं बाजू घेतली.

"घरात बसून करा की. तोंड हाय, डोकं हाय."

गोटीराम तीन दिवस घरात बसला. पहिल्या ओळीत चूल आली, दुसऱ्या ओळीत चूलच होती, तिसऱ्या ओळीत त्यानं डोकं वर करून पाहिलं तर समोर चूल. चौथ्या दिवशी शेवंतानं त्याला उठवलं आणि शेजाऱ्याची बैलगाडी त्याच्या पोरासकट मागून आणली.

"बसा. कान्हा हाकंल."

"कुठं जायाचं?"

"कुठं नाय. बांधाला फेऱ्या मारा."

गाडीनं बांधाला सात फेऱ्या मारल्या. गाडीचं डावं चाक झिजलेलं होतं, त्यामुळं ती दर चार पावलांवर डावीकडं कलंडून खट्ट करी. तरी गाणं झालं. गोटीराम खूश झाला, टोळी बोलावली, आणि पडीक वाफ्यात रांग उभी राहिली. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्यात दर चौथ्या पावलाला अकरा माणसं खट्ट करून डावीकडं सरकली. तिसऱ्या कडव्याला रांगेचं टोक बांधाला लागलं आणि चौथ्याला अख्खी टोळी, ताल न चुकवता, बांधावर चढून पलीकडच्या बाभळीत उतरली.

गोवर्धन पलीकडून बघत होता. त्यानं टोपी काढली.

"भावजी, मिठागर या बाजूला हाय!"

कुणी हसलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कान्हा बैलांसकट हसला. टोळीतली पुतळाबाई, जी पन्नाशीची होती आणि जिच्या पिंढरीत बाभळीचे चार काटे होते, तीही हसली. गोटीरामनं आपल्या पायांतले काटे काढले, टाचांच्या भेगांना करंजाचं तेल चोळलं आणि पडवीत पालथा पडून राहिला.

"चूक गाडीची हाय," तो जमिनीला तोंड लावून म्हणाला. "गानं बरोबर हुतं. गाडीनं शिकवलं तेच बोललं."

"मंग दुसरी गाडी बगा," शेवंता म्हणाली. "सर्विस मोटार जातंय ना पनवेलला? उद्या सकाळच्या गाडीत बसा."

"पनवेलला माजं काय काम?"

"काय नाय."

"बिनकामाचं मानूस गाडीत बसतं का कवा?"

शेवंतानं विचार केला. प्रश्न खरा होता. पाड्यातला माणूस मोटारीत बसला म्हणजे एकतर कोर्टात तारीख होती, नाहीतर कुणीतरी दवाखान्यात होतं. तिनं एक टोपली घेतली, तिच्यावर फडकं बांधलं आणि त्याच्या हातात दिली.

"ही घ्या. काम हाय असं दिसंल."

"हिच्यात काय हाय?"

"काय नाय म्हनून तर बांधली."

सकाळी सर्विस आली. गोटीराम चढला तेव्हा त्याच्या पायांवर मिठागराचा सुकलेला चिखल होता. पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या धोतरवाल्यानं धोतर गुडघ्यावर घेतलं, शेजारची बाई मुलासकट खिडकीकडं सरकली. सगळे फक्त थोडे बारीक झाले. तो आपला मागल्या बाकावर जाऊन बसला, जिथं सरकायला कुणी नव्हतं.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"कुठंबी."

"कुठंबीचं तिकीट नसतं. गाव सांग."

"गाडी जिथवर जाते तिथवर. आन मंग परत."

"परत लगेच? मग जातोस कशाला?"

"परत याला."

कंडक्टरनं त्याच्याकडं, मग टोपलीकडं पाहिलं. "यात काय आहे? मासळी असेल तर वर टपावर ठेव."

"काय नाय."

"उघड."

फडकं सुटलं. सगळी गाडी वळून रिकाम्या टोपलीत बघायला लागली. धोतरवाल्यानं तर मान लांब करून तळ पाहिला.

"रिकामी टोपली कशाला नेतोस रे?"

"रिकामा हात बरा दिसत नाय, साहेब."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. दोरी ओढली, टन-टन झालं आणि गाडी निघाली.

त्या रस्त्याला त्या काळी डांबर माहीत नव्हतं. पहिल्या खड्ड्याला गोटीराम बाकावरून वीतभर उडाला, दुसऱ्याला खाली आला. मागल्या बाकावर बसणाऱ्याला रस्ता दुप्पट लागतो. पुढच्यांना खड्डा नुसता कळतो, मागच्याला तो पोचतो. चौथ्या-पाचव्या खड्ड्याला त्याच्या कमरेनं ताल धरला. त्यानं काही केलं नाही. कमरेनंच केलं. मग खिडकीतून भाताची रिकामी शेतं गेली, डबक्यातल्या म्हशी गेल्या, हात दाखवणारा एक म्हातारा आला. कंडक्टरनं दोरी ओढली. टन. गाडी थांबली, म्हातारा चढला. टन-टन. गाडी निघाली. गोटीरामच्या ओठांवर पहिली ओळ होती.

गव्हाण फाट्यापर्यंत तीन कडवी झाली. पनवेलला तो उतरला, गाडीला एक फेरी मारली, नळावर पाणी प्यायला आणि पुन्हा त्याच बाकावर येऊन बसला.

"झालं काम?" कंडक्टर म्हणाला.

"अर्दं झालं. अर्दं जाताना हुईल."

आठव्या दिवशी सकाळी दोन्ही टोळ्या वाफ्यांवर उभ्या राहिल्या. चिखल पोटरीपर्यंत होता, वरून ऊन आणि खालून खार. कमळाकरनं छत्री उघडली.

गोवर्धननं लाँच सुरू केली. धडधड, धडधड. अकरा माणसं मान खाली घालून सुटली ती थांबेनात. बायकांचे अंबाडे सुटले, घाम नाकावरून चिखलात पडायला लागला, पण पाय इंजिनासारखे चालत राहिले.

गोटीरामनं खाकरून घसा मोकळा केला.

*सर्विस आली गं, धुरळा उडवीत आली,*
*मागल्या बाकावं जागा मला झाली,*
*खड्डा म्हनं ऊठ रं, खड्डा म्हनं बस,*
*पायाखालची भुई म्हनं, आनखी थोडं सोस!*

रांग हलली. टाच, चवडा. टाच, चवडा. मग दुसरं कडवं आलं:

*जासई आली, जासई आली, उतरनारा कोन?*
*घंटा झाली रं दादा, पाय ठेवा दोन!*
*टन!*

आणि अकरा माणसं थांबली. दोन्ही पाय रोवून, कमरेला हात तसेच, समोर बघत.

"काय झालं?" कमळाकर ओरडला. "उभे का राहिलात?"

"स्टँड आलाय," गोटीराम म्हणाला.

"कसला स्टँड? ती बघ, गोवर्धनची टोळी अर्ध्यावर गेली!"

"तिची लाँच हाय. लाँचीला मधी थांबा नसतो."

पुतळाबाईचं माहेर जासई. तिनं शेजारणीच्या कमरेचा हात काढला, रांगेतून बाहेर आली, बांधावर जाऊन मडक्यातलं पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि परत येऊन उभी राहिली. कुणी तिला विचारलं नाही. *टन-टन*, गोटीराम म्हणाला, आणि रांग निघाली.

असं दर कडव्याला. गोवर्धनचा वाफा दुपारच्या आत पुरा झाला. त्याची माणसं बांधावर आडवी पडली, कुणाला बोलायचं त्राण नव्हतं. हसावंसं वाटत होतं तेही त्यांनी पडल्या पडल्याच केलं. गोटीरामची टोळी दिवस कलेपर्यंत स्टँड घेत, सोडत चालली होती. शेवंता रांगेत तिसरी होती. दर थांब्याला ती भावाकडं बघे आणि दर टन-टनला नजर काढून घेई.

सांजेला दोन्ही वाफ्यांत पाणी सोडलं. कमळाकरनं दोन काठ्या रोवल्या आणि चाकूनं पाण्याला लागून खूण केली.

सकाळी गोवर्धनच्या काठीवर पाणी खुणेखाली चार बोटं होतं. गोटीरामच्या काठीवर एक. कमळाकरनं बोटं आधी डाव्या हातानं मोजली, मग उजव्या. नामदेव तांडेलही मचव्यातून उतरून आला होता, त्यानं चिखलात हात घालून तळ चाचपला.

"बसलाय," तो म्हणाला. "थांबलं तिथं वजन उतरलं. पळत्या पायानं चिखल नुसता घाबरतो, बसत नाय."

"टोळी गोटीरामची," कमळाकर म्हणाला.

म्हणजे ते झालं. गोवर्धननं टोपी डोक्यावर नीट बसवली, टोळीकडं बघितलं आणि घराकडं चालू लागला. त्याची माणसं त्याच्यामागं, एका रांगेत, पण बेतालात. शेवंतानं हाक मारायला तोंड उघडलं, "दादा" एवढंच निघालं आणि तेही वाऱ्यावर गेलं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली, भात शिजवला आणि नवऱ्याला वाढून पडवीत जाऊन बसली.

"तू जेवत नाय?"

"तुमी जिंकलाव. तुमीच जेवा."

गोटीरामनं ताटाला हात लावला नाही. वाफे पूर्वेला चाळीस आणि माणसं अकरा. हिशेब त्याला येत नसला तरी पाय येत होते. दिवसाला एक वाफा, आणि वाफ्यांत पाणी घ्यायचं मोठं उधाण तीन आठवड्यांवर. तेवढ्यात अकरा माणसांचे पाय चाळीस वाफ्यांना पुरणार नव्हते. पण मुकादमाचं मत छत्रीसारखं होतं, एकदा उघडलं की हुकूम संपेपर्यंत मिटत नसे.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पहिल्याच वाफ्यात जासईचा स्टँड आला तेव्हा बांधावर गोवर्धन उभा होता. आला कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. सोळा वर्षं या दिवसांत पाय इथंच यायचे. रांग थांबली. सगळे समोर बघत उभे. गोवर्धन रांगेकडं बघत होता, शेवंता त्याच्याकडं. मग त्यानं हळूच, जणू कानावरची माशी हाकलतोय अशा बेतानं, हात दाखवला.

गोटीरामनं गाणं धरून ठेवलं. गाडी थांबली असताना हात दाखवणाऱ्याला टाकून जाणारा ड्रायव्हर तो नव्हता.

"चढा, मेव्हणं," तो म्हणाला. "मागं जागा हाय."

गोवर्धन धोतर खोचून चिखलात उतरला. शेवंतानं शेजारणीला ढकलून जागा केली आणि भावाचा हात स्वतःच्या कमरेला लावला. *टन-टन.*

चिर्ल्याच्या थांब्याला गोवर्धनच्या टोळीतले चौघे चढले. गव्हाणला सहा. पनवेल येईपर्यंत रांग बावीस माणसांची झाली होती आणि वाफ्यात मावत नव्हती, म्हणून एकीच्या मागं दुसरी अशी दोन झाली. कमळाकर छत्री घेऊन धावत आला.

"एक टोळी म्हटलं होतं मी! एक!"

"एकच हाय," गोटीराम म्हणाला. "गाडी एक, गानं एक. उतारू वाढले."

"मी जास्तीचं काही देणार नाही!"

"वाफ्यावं द्या, डोक्यावं नको. आमी वाटून घेऊ. उधाण यायच्या आत चाळीस वाफे पायजेत का नको?"

कमळाकरनं आभाळाकडं पाहिलं, खाडीकडं पाहिलं. मग त्यानं छत्रीच्या मुठीकडं पाहिलं आणि तो म्हणाला, "पण रांगेत गडबड नको."

"गडबड करनाऱ्याला पुढल्या स्टँडवं उतरवू," शेवंता म्हणाली.

चाळीस वाफे उधाणाच्या आदल्या दिवशी पुरे झाले. त्या साली मीठ पांढरं आलं की नाही हे मिठागराच्या मालकाला ठाऊक. पाड्याला एवढंच ठाऊक होतं की पुढल्या साली नवं गाणं लागणार, तेही बावीस माणसांना पुरेल एवढं, आणि सर्विसचं तर होऊन गेलं होतं. एकाच वाटेनं दुसऱ्यांदा गेलं की माणूस नुसता पोचतो.

म्हणून शेवंतानं कमळाकरला पडवीत बसवलं, समोर कागद ठेवला, आणि ती सांगत गेली तसं त्यानं छत्री मिटून लिहिलं:

"मेहेरबान मोटार खात्याचे सर्वांत मोठे साहेब यांचे सेवेशी. अर्जदार गोटीराम, वस्ती जासईखालचा पाडा, धंदा चिखल तुडवणे व त्यासाठी गाणे करणे, सविनय कळवतो की, घरी बसून त्याचे गाणे होत नाही, हे त्याच्या बायकोने खात्री करून पाहिले आहे. सबब विनंती की, दरसाल दिवाळीनंतर अर्जदारास एका गाडीत बसवून, जेथे त्याचे काहीही काम नाही व ओळखीचे कोणी नाही, अशा गावी नेण्यात यावे; गाव दरसाल निराळे असावे; वाटेत हात दाखवील त्या प्रत्येकास घेण्यात यावे; गाणे पुरे होईपर्यंत गाडी पोचू देऊ नये; आणि उतारूंपैकी कोणास घाई असल्यास त्यांनी आपला वेगळा अर्ज करावा, ही विनंती."